फुकट आलेल्या नमुन्यावर सीमाशुल्क का लागते

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कारखानदारांना तैवानहून पाच हायड्रॉलिक व्हॉल्व्हचा एक छोटा खोका यायचा होता. पुरवठादाराने हे व्हॉल्व्ह नमुने म्हणून विनामूल्य पाठवले होते. सोबतच्या इन्व्हॉइसवर किंमत म्हणून एक अमेरिकन डॉलर लिहिले होते आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'नो कमर्शिअल व्हॅल्यू' असा शेरा होता. चौथ्या दिवशी सहारच्या कुरिअर टर्मिनलवरून फोन आला, की पार्सल होल्डवर आहे, किमतीबद्दल कस्टम्सची क्वेरी आली आहे, खरी किंमत दाखवणारे कागद पाठवा. कारखानदारांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "अहो, मी एक पैसासुद्धा दिलेला नाही, मग ड्यूटी कशावर?"

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लहान कारखान्यांच्या आयातीची कागदपत्रे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे आणि हा प्रश्न मला जवळजवळ दर महिन्याला ऐकू येतो. प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, कारण आपल्या मनात कर हा व्यवहाराशी जोडलेला असतो. पैसे दिले की कर लागतो, दिले नाहीत तर लागत नाही, असे आपण धरून चालतो. सीमाशुल्क मात्र पैशांच्या देवघेवीवर बसत नाही. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १२ नुसार ते भारतात आयात झालेल्या वस्तूवर बसते. वस्तू विकत घेतलेली असो, उसनी आणलेली असो किंवा कोणी प्रेमाने पाठवलेली असो, सूट देणारी अधिसूचना नसेल तर ती सीमा ओलांडून आत आली की शुल्काला पात्र ठरते. नमुना हा या नियमाला आपोआप अपवाद नाही, आणि एवढे मनात पक्के झाले की पुढचे सगळे नियम समजायला सोपे जातात.

पुढचा प्रश्न किमतीचा. वाशीच्या एपीएमसीत आंब्याचा व्यापारी पेटीतला एक आंबा कापून गिऱ्हाइकाला चाखायला देतो. चाखणाऱ्याने पैसे दिले नाहीत म्हणून त्या आंब्याला भावच नाही, असे बाजारात कोणी म्हणत नाही, कारण त्या पेटीचा त्या दिवशीचा भाव सर्वांना ठाऊक असतो. कस्टम्सचा अधिकारी नमुन्याकडे याच नजरेने पाहतो. कलम १४ आणि २००७ चे सीमाशुल्क मूल्यांकन नियम यांनुसार साधारणपणे खरेदीदाराने विक्रेत्याला प्रत्यक्ष दिलेली किंमत हाच मूल्याचा आधार असतो, पण त्यासाठी मुळात विक्री झालेली असावी लागते. विनामूल्य नमुन्यात विक्रीच नसल्यामुळे ती पहिली पायरी लागू होत नाही आणि अधिकाऱ्याला पुढच्या पायऱ्या क्रमाने चढाव्या लागतात. हुबेहूब तोच माल इतर कोणी कोणत्या किमतीला आणला, तो न सापडल्यास त्यासारखा माल कोणत्या किमतीला आला, तेही न मिळाल्यास भारतातील विक्रीच्या किमतीवरून मागे येत किंवा उत्पादन खर्चावरून काय मूल्य निघते, आणि यांपैकी काहीच जमले नाही तर उपलब्ध माहितीवरून वाजवी मूल्य काय ठरते, असा हा क्रम आहे. म्हणून 'नो कमर्शिअल व्हॅल्यू' या शेऱ्याचा अर्थ फार तर 'या मालाचे पैसे घेतलेले नाहीत' एवढाच होतो, 'या मालाला किंमत नाही' असा कधीच होत नाही. जाहीर केलेल्या किमतीच्या खरेपणाबद्दल शंका येण्यास वाजवी कारण असेल, तर ती नाकारण्याचा अधिकार त्याच नियमावलीतील नियम १२ अधिकाऱ्याला देतो. पाच व्हॉल्व्हना मिळून एक डॉलर, ही किंमत अशी शंका निर्माण करण्यास पुरेशी आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू, कारण भीती आकड्यांची असते आणि आकडे समोर ठेवले की ती बरीच ओसरते. पुरवठादार हे पाच व्हॉल्व्ह एरवी २०,००० रुपयांना विकतो असे समजू. कुरिअरचे भाडे ९,००० रुपये झाले असे धरू, जे हलक्या पार्सलच्या बाबतीत मुळीच नवलाचे नाही. शुल्क मालाच्या नुसत्या किमतीवर बसत नाही. त्यात भाडे आणि विमा मिळवून जे मूल्य येते, ज्याला या व्यवसायात असेसेबल व्हॅल्यू म्हणतात, त्यावर ते बसते. येथे मात्र नमुने मागवणाऱ्यांच्या हिताची एक तरतूद आहे आणि ती पुष्कळांना माहीत नसते. माल विमानाने आला असेल तर प्रत्यक्ष भाडे कितीही झाले तरी मूल्यात धरायचे भाडे मालाच्या एफओबी किमतीच्या, म्हणजे पुढचे भाडे आणि विमा सोडून असलेल्या किमतीच्या, २० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. म्हणजे ९,००० ऐवजी ४,००० रुपयेच धरले जातील. विम्याची रक्कम ठाऊक नसेल तर ती एफओबी किमतीच्या १.१२५ टक्के, म्हणजे २२५ रुपये, धरतात. असेसेबल व्हॅल्यू झाली २४,२२५ रुपये.

मूळ सीमाशुल्काचा दर १० टक्के आहे असे हिशेबासाठी मानले, तर शुल्क होते २,४२२.५० रुपये. त्या शुल्काच्या १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, म्हणजे २४२.२५ रुपये. हे सगळे मिळवून येणाऱ्या २६,८८९.७५ रुपयांवर १८ टक्के दराने आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा एकात्मिक वस्तू व सेवा कर, होतो सुमारे ४,८४० रुपये. एकूण भरणा सुमारे ७,५०५ रुपये. वीस हजारांच्या मालावर साडेसात हजार, हे ऐकून माणूस दचकतो, पण यातील आयजीएसटीची रक्कम नोंदणीकृत उद्योजकाला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून परत वापरता येते, आणि त्यासाठी बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सकडे भरलेले आयातीचे घोषणापत्र, हाच ग्राह्य दस्तऐवज असतो. क्रेडिट वजा केल्यावर खिशातून कायमचे गेलेले पैसे उरतात सुमारे २,६६५ रुपये. एक डॉलरची किंमत लावून जे वाचवायचे असते ते एवढेच, आणि तेवढ्यासाठी पार्सल टर्मिनलवर पडून राहते, ज्या ग्राहकाला नमुना दाखवायचा तो वाट पाहतो आणि आपल्या आयातदार कोडच्या खात्यावर चुकीच्या घोषणेची नोंद होण्याचा धोका पत्करला जातो. मला हा सौदा कोणत्याही बाजूने परवडणारा वाटत नाही.

क्रेडिटच्या बाबतीत मात्र एक खाच आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार जो माल भेट म्हणून किंवा मोफत नमुना म्हणून वाटून टाकला जातो, त्याचे क्रेडिट मिळत नाही. व्हॉल्व्ह आपल्याच कारखान्यात चाचणीसाठी लावला तर प्रश्न येत नाही. परंतु विदेशातून आलेले शंभर नमुने विक्रेत्यांमध्ये फुकट वाटायचे असतील, तर त्यांवरचा आयजीएसटी हा खर्चच समजावा आणि दर ठरवतानाच तो हिशेबात धरावा. महिनाअखेरीस क्रेडिट घेऊन नंतर ते व्याजासह उलटवण्याची वेळ आलेले उद्योजक मी पाहिले आहेत.

सूट मुळीच नाही असे मात्र नाही. व्यापारी नमुन्यांची ये-जा सोपी व्हावी म्हणून ७ नोव्हेंबर १९५२ रोजी जिनिव्हा येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारत त्यात सहभागी आहे. नगण्य किमतीचे नमुने शुल्कमुक्त असावेत आणि मौल्यवान नमुने परत नेण्याच्या अटीवर तात्पुरते आत येऊ द्यावेत, असा त्या कराराचा गाभा आहे. आपल्याकडे त्याला मूर्त रूप दिले ते १३ जुलै १९९४ च्या १५४/९४ क्रमांकाच्या सीमाशुल्क अधिसूचनेने. ही सूट प्रत्येक आयातदारासाठी नाही, हे येथे नीट लक्षात घ्यावे. तिचा मुख्य लाभ निर्यातीशी जोडलेला आहे. नमुना विनामूल्य आलेला असावा, तो निर्यातीची ऑर्डर मिळवण्यासाठी किंवा पूर्ण करण्यासाठी आवश्यक असावा, त्यावर तो नमुना असल्याची स्पष्ट खूण असावी, आणि हे सिद्ध करणारा पत्रव्यवहार आयातदाराने दाखवावा, अशी तिची मांडणी आहे. बारा महिन्यांत एका निर्यातदाराला किती किमतीचे आणि किती नग असे नमुने आणता येतील यालाही मर्यादा आहे. विदेश व्यापार धोरणाच्या कार्यपद्धती पुस्तिकेत निर्यातदारांसाठी ही किमतीची मर्यादा ३,००,००० रुपये दिलेली आहे आणि ती सीमाशुल्क अधिसूचनेतील अटींच्या अधीन आहे.

भिवंडीतील कापड उद्योजकाला युरोपातील ग्राहकाने 'अशी शिलाई, असे बटण हवे' म्हणून तयार शर्ट पाठवला, तर तो या सुटीचा नमुनेदार लाभार्थी आहे. तुर्भ्यातील व्यापाऱ्याने भारतात विकण्याजोगे आहेत का हे पाहण्यासाठी चीनमधून दहा मिक्सर मागवले, तर तो नाही. त्याने शुल्क भरावे, आयजीएसटीचे क्रेडिट घ्यावे आणि विषय संपवावा. दोघांचेही खोके दिसायला सारखेच असतात, पण एकाचा नमुना देशात परकीय चलन आणण्यासाठी येतो आणि दुसऱ्याचा देशातील बाजारपेठ चाचपण्यासाठी. कायदा नेमका हाच फरक करतो. त्यामुळे सुटीचा दावा करण्याआधी आपल्याकडे ग्राहकाचा ईमेल, ऑर्डर किंवा निदान चौकशीपत्र आहे का, हे तपासावे. खोका आल्यानंतर असा पत्रव्यवहार तयार करता येत नाही, आणि करूही नये.

काही वेळा नमुना विकण्यायोग्य राहू नये अशी व्यवस्था केलेली असते. बुटाच्या जोडीतील एकच बूट पाठवणे, कापडाला मधोमध चीर देणे, पुसली न जाणारी 'सॅम्पल' अशी मोहोर मारणे, हे प्रकार जगभर रूढ आहेत. महाग अभियांत्रिकी प्रोटोटाइपच्या बाबतीत सूट मागताना तो विक्रीसाठी निरुपयोगी करण्याची अट येऊ शकते. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २४ मध्ये माल अशा प्रकारे विद्रूप करून घेण्याची सोयही आहे. मात्र ज्या व्हॉल्व्हची दाबचाचणी घ्यायची आहे तो भोक पाडून आणून काय उपयोग? म्हणून ही वाट कापड, चामडे, टाइल्स, लॅमिनेट अशा केवळ पाहण्याच्या मालासाठी चांगली आणि यंत्रभागांसाठी बहुधा कुचकामी ठरते.

पुरवठादारांनी सुचवलेली एक पळवाट येथे स्पष्ट शब्दांत नाकारली पाहिजे. "आम्ही खोक्यावर गिफ्ट लिहितो, मग तुम्हाला काही भरावे लागणार नाही," असे ते भाबडेपणाने म्हणतात, कारण त्यांच्या इतर ग्राहकांच्या देशांत ते चालत असेल. भारतात डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने येणारा माल शुल्क न भरता भेट म्हणून सोडवून घेता येत नाही. जीवरक्षक औषधे आणि राखी एवढेच अपवाद ठेवलेले आहेत. म्हणजे 'गिफ्ट' या एका शब्दाने शुल्क तर वाचत नाहीच, उलट खरा व्यापारी नमुना निषिद्ध आयातीच्या रकान्यात जाऊन बसतो. चुकीचे वर्णन किंवा चुकीची किंमत आढळली तर कलम १११(एम) खाली माल जप्तीस पात्र ठरतो, कलम ११२ खाली दंड होऊ शकतो, आणि जाणूनबुजून खोटा कागद दिल्याचे सिद्ध झाले तर कलम ११४एए नुसार मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०११ पासून आयातदाराने स्वतःच शुल्कनिर्धारण करायचे असते. त्यामुळे "पुरवठादाराने लिहिले, मला काय माहीत" हे उत्तर टिकत नाही.

बनावट कमी किमतीचा आणखी एक तोटा सहा महिन्यांनी समोर येतो. नमुना पसंत पडतो, ऑर्डर दिली जाते आणि तोच व्हॉल्व्ह नगाला ४,००० रुपये या दराने हजारांच्या संख्येने न्हावा शेवा बंदरात उतरतो. त्याच आयातदाराने, त्याच पुरवठादाराकडून, तोच मॉडेल क्रमांक काही रुपयांच्या दराने आणल्याची नोंद संगणकात असते. मग आधीच्या सगळ्या नमुन्यांची चौकशी होते. फसवणुकीचा आरोप असेल तर कलम २८ खाली पाच वर्षे मागे जाऊन मागणी करता येते. याच्या उलट प्रकारही घडतो. घाबरून नमुन्याची किंमत अवास्तव चढी लावली, तर नंतरच्या मोठ्या मालाची खरी किंमत अधिकाऱ्याला कमी वाटू लागते. म्हणून नमुन्यावर तीच किंमत लिहून घ्यावी जी पुरवठादाराच्या दरपत्रकात किंवा आपल्याला आलेल्या कोटेशनमध्ये आहे.

शुल्क भरले म्हणजे नमुना सुटला, असेही नाही. इतर कायद्यांच्या परवानग्या नमुन्यालाही लागतात, आणि माझ्या अनुभवात पार्सल अडकण्याचे हे दुसरे मोठे कारण आहे. ब्लूटूथ किंवा वायफाय असलेल्या उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची उपकरण-मान्यता लागते, ज्याला ईटीए म्हणतात. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) अनिवार्य प्रमाणपत्राखाली येणाऱ्या वस्तूचा नमुना प्रमाणपत्राशिवाय आणायचा असेल, तर संबंधित आदेशात संशोधन आणि विकासासाठी दिलेली सूट लागू होते का ते पाहावे. अनेक गुणवत्ता नियंत्रण आदेशांत अशी सूट वर्षाला २०० नगांपर्यंत असते आणि ते नग विकता येत नाहीत. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे आयात नियम आहेत आणि औषधांसाठी वेगळा चाचणी परवाना घ्यावा लागतो. धोरणानुसार निर्बंधित असलेल्या वस्तूंचे प्रामाणिक तांत्रिक किंवा व्यापारी नमुने आणण्यासाठी आयात परवाना लागत नाही, पण भाजीपाल्याचे बियाणे, मधमाश्या आणि नवी औषधे यांना ही मोकळीक नाही. पनवेल-उरण पट्ट्यातील ज्या रोपवाटिकाधारकांना विदेशी बियाण्याचे पाकीट 'सॅम्पल म्हणून' मागवण्याचा मोह होतो, त्यांनी हे विशेषतः ध्यानात ठेवावे.

विमान प्रवासात बॅगेत नमुने घेऊन येणे ही आणखी एक प्रचलित पद्धत आहे. प्रवाशाला मिळणारी शुल्कमुक्त सवलत त्याच्या वैयक्तिक सामानासाठी असते, व्यापारासाठी नव्हे. विदेशातील प्रदर्शनातून वीस चार्जर घेऊन येणाऱ्याने लाल मार्गिकेत जाऊन ते जाहीर करावेत आणि इन्व्हॉइस हाताशी ठेवावे.

नमुना परत पाठवायचा असेल तर भरलेले शुल्क वाया जात नाही. कलम ७४ नुसार, वापर न केलेला आणि ओळख पटवता येणारा माल ठरलेल्या मुदतीत पुन्हा निर्यात केल्यास भरलेल्या शुल्काच्या ९८ टक्क्यांपर्यंत रक्कम ड्रॉबॅक म्हणून परत मिळू शकते. वापरलेल्या मालाच्या बाबतीत या परताव्याचे प्रमाण वापराच्या कालावधीनुसार घटत जाते. यासाठी आयातीच्या वेळीच मालाचा अनुक्रमांक बिल ऑफ एन्ट्रीत नोंदवलेला असणे फार उपयोगी पडते, कारण परत जाताना 'हाच तो नग' हे दाखवावे लागते. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात एखाद्या विदेशी कंपनीचे यंत्र चार दिवस मांडून परत न्यायचे असेल, तर एटीए कार्ने या दस्तऐवजावर ते शुल्क न भरता तात्पुरते आणता येते. भारतात या व्यवस्थेची हमी फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना देते. पाच व्हॉल्व्हच्या खोक्यासाठी मात्र ही यातायात करू नये.

कारखानदारांच्या त्या खोक्यासाठी आम्ही पुरवठादाराकडून नवे इन्व्हॉइस मागवले. आधीच्या वर्णनात केवळ 'सॅम्पल' हा एक शब्द होता. त्यावरून आठ आकडी टॅरिफ क्रमांक ठरवणे कोणालाही शक्य नव्हते, कारण नमुन्याचे वर्गीकरण तो नमुना आहे म्हणून होत नाही, ती वस्तू काय आहे यावरून होते. नव्या इन्व्हॉइसवर वस्तूचे पूर्ण नाव, धातू, दाबक्षमता, मॉडेल क्रमांक, नगांची संख्या, मूळ देश आणि प्रत्येक नगाची नेहमीची विक्री किंमत आली. त्याखाली एकच वाक्य होते, की माल विनामूल्य असून किंमत केवळ सीमाशुल्कासाठी दर्शवली आहे आणि कोणतेही पैसे पाठवले जाणार नाहीत. सोबत पुरवठादाराचे दरपत्रक आणि नमुन्याबद्दलची ईमेल जोडली. दुसऱ्या दिवशी दुपारी शुल्क भरले गेले आणि संध्याकाळी खोका सुटला. मुळात हे इन्व्हॉइस माल निघण्यापूर्वी तपासून घेतले असते तर ते पाच दिवस गेले नसते. विमानतळावरील कार्गोतून माल आणताना हा उशीर पैशांतही मोजला जातो, कारण बिल ऑफ एन्ट्री वेळेत न भरल्यास पहिले तीन दिवस दररोज ५,००० रुपये आणि त्यानंतर दररोज १०,००० रुपये विलंब आकार लागतो, शिवाय गोदामभाडे वेगळे.

नमुना हातात आल्यावरही एक काम उरते आणि ते बहुतेक जण विसरतात. बिल ऑफ एन्ट्रीची माहिती रिझर्व्ह बँकेच्या आयात देखरेख प्रणालीत, म्हणजे आयडीपीएमएसमध्ये, बँकेकडे जाते आणि त्या आयातीचे पैसे विदेशात गेल्याची नोंद बँक शोधत राहते. विनामूल्य नमुन्याचे पैसे कधी जाणारच नसतात, त्यामुळे ती नोंद उघडी राहते आणि वर्षभराने, एखाद्या मोठ्या पेमेंटच्या ऐन घाईत, बँक तिच्याकडे बोट दाखवते. म्हणून खोका आला त्याच आठवड्यात बँकेला पत्र द्यावे, त्यासोबत 'विनामूल्य' असा उल्लेख असलेले इन्व्हॉइस आणि बिल ऑफ एन्ट्रीची प्रत जोडावी आणि ती नोंद बंद करून घ्यावी. त्या पत्राची पोच, दरपत्रक, ईमेल आणि शुल्क भरल्याची पावती हे सर्व कागद एकाच फायलीत लावून पाच वर्षे जपून ठेवावे लागतात. नमुना लहान असला तरी मुदत तीच आहे.